अंगाला कोणते तेल लावावे?

थंडी पडू लागली की शाळेच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी हाच विषय निघतो. टाचा भेगाळलेल्या असतात, गुडघे कुरकुरत असतात आणि कोणीतरी म्हणते, "रोज अंगाला तेल लावत जा." इथपर्यंत सगळ्यांचे एकमत. पण कोणते तेल, असे विचारले की पाच जणींची सहा उत्तरे येतात. कोकणातली खोबरेलाशिवाय दुसरे नाव घेत नाही. सोलापूरकडची करडईचे सांगते. उत्तर प्रदेशातून सून होऊन आलेलीला मोहरीशिवाय मालिश ही मालिशच वाटत नाही. आणि एखादी इज्तिमाच्या स्टॉलवरून आणलेली जैतूनची बाटली पर्समधून काढून दाखवते.

या वादात सगळ्याच थोड्या थोड्या बरोबर असतात, कारण तेल हे माणूस, ऋतू आणि गाव पाहून निवडायचे असते. आयुर्वेदात अंगाला तेल चोळण्याला अभ्यंग म्हणतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात तो रोज करावा असे सांगितले आहे. डोके, कान आणि तळपाय यांचा तर खास उल्लेख आहे. आपल्या हकिमांकडे यालाच 'दल्क' म्हणतात. तिकडे प्रकृती बघतात, इकडे मिजाज बघतात, पण रीत एकच: कोरड्या, थंड पडणाऱ्या शरीराला उष्ण तेल आणि उष्णता भडकणाऱ्या शरीराला थंड तेल. भाषेची शिक्षिका म्हणून एक गंमत सांगते. 'मालिश' हा शब्द फारसीतल्या 'मालीदन' म्हणजे चोळणे या क्रियापदाचा, आणि 'तेल' हा शब्द 'तिळा'पासून आलेला. म्हणजे 'तेलमालिश' या एकाच शब्दात दोन्ही परंपरा कधीच्या नांदत आहेत.

सुरुवात तिळापासूनच करू. आयुर्वेदाने सर्व वनस्पती तेलांत तिळाच्या तेलाला पहिला मान दिला आहे. ते उष्ण, वात कमी करणारे आणि त्वचेत मुरणारे मानले जाते. बहुतेक औषधी तेले याच तेलात सिद्ध केलेली असतात. ते लवकर खवटही होत नाही, कारण तिळात तेलाला टिकवणारी द्रव्ये मुळातच असतात. ज्यांची कातडी कोरडी आहे, हातपाय गार पडतात, सांधे आखडतात, झोप हलकी आहे, त्यांनी हिवाळ्यात तिळाचे तेल बिनधास्त घ्यावे. घेताना लाकडी घाण्याचे, कच्च्या तिळाचे घ्या. चिनी स्वयंपाकासाठी मिळते ते भाजलेल्या तिळाचे काळपट तेल मालिशीचे नव्हे. ते लावले तर दिवसभर अंगाला हॉटेलचा वास येईल.

खोबरेल थंड. घाम, घामोळे, अंगाची आग, लाल होणारी कातडी असेल तर हेच बरे. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात तिथल्या बायकांनी ते निवडले यात नवल नाही. २४ अंशांच्या खाली ते थिजते. थिजले म्हणजे बिघडले नव्हे, उलट काही अंशी ती ओळखच आहे.

करडईचा मामला मजेदार आहे. चरकाने वनस्पती तेलांत करडईच्या तेलाला सर्वांत अहितकर ठरवले आहे. आजचे त्वचेचे शास्त्र मात्र वेगळे सांगते: करडई आणि सूर्यफूल या तेलांत लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि ते त्वचेच्या बाहेरच्या थराला लागते. माझे मत विचाराल तर खाण्यापिण्याचा निवाडा वैद्यांवर सोडावा. वरून लावायला मात्र मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या घरात असलेले घाण्याचे करडई तेल अगदी चालण्यासारखे आहे. फक्त ते लवकर खवट होते, म्हणून थोडे थोडे आणावे.

मोहरीचे तेल तिखट आणि उष्ण. ठणकणाऱ्या पाठीला ते आवडते, नाजूक कातडीला नाही. पण खरी काळजी आहे ती सुट्या तेलाची. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि सुमारे ६० माणसे दगावली. अंगावर सूज, धाप, हृदयावर ताण असा हा आजार. भेसळीचे तेल नुसते चोळल्यानेही, त्वचेतून शिरून, हा आजार झाल्याची नोंद आहे. तेव्हा "आम्ही कुठे खातो, नुसते लावतो" हे उत्तर चालणार नाही. मोहरीचे तेल सीलबंदच घ्यावे.

जैतूनबद्दल लिहिताना हात जरा थबकतो, कारण आपल्या घरांत त्याला वेगळाच मान आहे. तो मान राहूच द्या. पण ज्यांची त्वचा आधीच खाजरी, एक्झिमाची आहे त्यांनी, आणि तान्ह्या बाळांसाठी, ते टाळावे. त्यातल्या ओलेइक आम्लाने त्वचेचा संरक्षक थर सैल पडतो असे अभ्यासांत दिसले आहे. बाटलीवर 'पोमेस' लिहिले असेल तर ते चोथ्यातून द्रावक वापरून काढलेले तेल असते. कलौंजीचे तेलही निव्वळ चोळू नये. काहींच्या अंगावर त्याने चट्टे उठतात, म्हणून तिळाच्या तेलात थोडेच मिसळावे.

रोगन-ए-बादाम शीरीं उत्तम, पण महाग. 'शीरीं' म्हणजे गोड, अर्थात गोड बदामाचे. किमतीवरून अंदाज घ्या. स्वस्त 'बदाम तेल' घेतलेत तर मागची बारीक अक्षरे वाचा. 'लिक्विड पॅराफिन' किंवा 'मिनरल ऑइल' पहिल्या क्रमांकावर असेल तर तुम्ही बदामाचे चित्र विकत घेत आहात. त्या तेलाने अपाय होईलच असे नाही, पण पैसे बदामाचे का द्यायचे?

आता औषधी तेले. ती करण्याची रीत ठरलेली आहे: औषधांची चटणी एक भाग, तेल चार भाग, काढा किंवा दूध सोळा भाग, आणि मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवणे. चटणीची बोटांत वात वळता आली आणि ती विस्तवावर तडतडली नाही म्हणजे तेल तयार. पाणी राहिले तर बुरशी येते. म्हणून ओला पाला तेलात बुडवून उन्हात ठेवायची घरगुती युक्ती मला पटत नाही. औषधी तेल विकतच घ्यावे, आणि लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत, घटक आणि कोणत्या ग्रंथातला पाठ आहे हे बघावे.

सांधे-स्नायू दुखत असतील तर महानारायण तेल, नाजूक किंवा कृश प्रकृतीला दुधात सिद्ध केलेले क्षीरबला, अंगात कडकी असेल तर चंदनबलालाक्षादि, इतके ओळखले तरी घरापुरते पुरे. क्षीरबलाच्या छोट्या बाटलीवर '१०१ आवर्ती' लिहिलेले दिसले तर ते थेंबाने, वैद्यांच्या सल्ल्याने घ्यायचे असते. अंगाला चोळून उधळू नका. आपल्या घरांसाठी आणखी एक: महामाष तेलाचे दोन पाठ आहेत. एक निरामिष, दुसऱ्यात बोकडाचे मांस पडते. ज्यांना जबिहाची चिंता असते त्यांनी 'निरामिष' शब्द बघून घ्यावा. वुजूबद्दलही विचारणा होते. तेल मेणासारखा किंवा नेलपॉलिशसारखा घट्ट थर धरत नाही, म्हणून वुजूला त्याची अडचण नाही. रोजात नाका-कानात तेल घालण्याचा प्रश्न मात्र तुमच्या आलिमांना विचारा.

लाडक्या माणसांना आपण प्रेमाने इजा करू शकतो, म्हणून पुढचे जरा सावकाश वाचा.

बाजारातल्या कितीतरी 'दर्दनाशक' तेलांत गंधपुऱ्याचे तेल असते. त्याचा झणका येतो आणि बरे वाटते. पण ज्या अब्बांना हृदयासाठी वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यांच्या गुडघ्यांवर ते रोज चोळले तर ते त्वचेतून रक्तात उतरते आणि गोळीचा असर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखू लागली, तर ती चोळायची नसतेच. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, म्हणून तेल किती गरम आहे ते दुसऱ्याने हाताने पाहावे आणि बोटांच्या बेचक्यांत तेल राहू देऊ नये.

बाळाच्या छातीला कापूर घातलेले खोबरेल चोळायची सवय घराघरांत आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर लावू नये. पोटात गेला तर थोड्याशा कापरानेही फेफरे येऊ शकते, म्हणून ती बाटली मोठ्या मुलांच्याही हाती लागू देऊ नका. बाळाच्या नाकात तेल सोडणेही बंद करावे, कारण ते फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. चिल्ल्यात मालिशीला येणाऱ्या बाईंना हे घरातल्या मोठ्या माणसाने, मान राखून, आधीच सांगावे. तेल कोणते म्हणाल, तर ढाक्यातल्या शिशु रुग्णालयात मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांवरचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सूर्यफुलाच्या तेलाच्या मालिशीने रुग्णालयातला संसर्ग कमी झाला होता. तुमचे बाळ अशक्त असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

निलगिरी, पुदिना, लव्हेंडर यांचे अर्क कधीही निव्वळ लावू नका. दोन मोठे चमचे तेलात पाच-सहा थेंब पुरतात. कोणतेही नवे तेल आधी कोपराच्या आत थोडे लावून एक दिवस वाट पाहावी.

बाकी करायचे फार नाही. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. लांब हाडांवर हात लांब फिरवा, सांध्यांवर गोल. दहा-पंधरा मिनिटे चोळून तितकाच वेळ बसून राहा, मग बेसन किंवा मसुराचे पीठ लावून कोमट पाण्याने आंघोळ. ताप असताना, अजीर्ण झालेले असताना किंवा जेवल्याबरोबर मालिश करू नये. न्हाणीघरात जाण्याआधी तळपाय जुन्या फडक्याने पुसून घ्या आणि आत रबरी चटई टाका. साठीनंतर तेलकट पायाने फरशीवर घसरले की खुबा मोडतो, आणि गुडघेदुखी त्यापुढे काहीच नाही. आंघोळ झाल्यावर फरशीवरही साबणाचे गरम पाणी ओता, कारण मागून दुसरे कोणी आत जाणार असते.