शासकीय योजना, निवडणूक आणि खाल्ले मीठ



2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या दिवसांत आजरा परिसरातील एका वयोवृद्ध भगिनीने आम्हाला विचारले, "फादर, रेशनचं तांदूळ फुकट मिळत्यात, पोराच्या खात्यावर दोन हजार येत्यात. देणाऱ्याला मत नाही दिलं तर खाल्ल्या मिठाला जागलो नाही, असं होईल. ते पाप हाय का?" कोल्हापूर मतदारसंघातील मतदान 7 मे रोजी होते आणि प्रचार शिगेला पोहोचला होता. "पाप नाही," एवढेच उत्तर आम्ही त्या वेळी दिले. प्रश्न मात्र अनेकांच्या मनात असतो, म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहोत.

प्रथम धान्याविषयी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा संसदेने 2013 साली संमत केला. त्या वेळी केंद्रात काँग्रेसप्रणीत आघाडीचे शासन होते. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा 5 किलो व अंत्योदय कुटुंबास 35 किलो धान्य, तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो, अशी त्यातील तरतूद होती. पुढे भारतीय जनता पक्षाच्या नेतृत्वाखालील शासनाने 1 जानेवारी 2023 पासून हेच धान्य मोफत केले आणि 1 जानेवारी 2024 पासून ही सवलत पाच वर्षे चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. म्हणजे एकाने कायदा केला, दुसऱ्याने किंमत माफ केली. पैसा मात्र दोघांच्याही घरचा नव्हे; आपण दुकानातून घेतलेल्या साबणावर आणि एस.टी.च्या तिकिटावर भरलेल्या करांतूनच सरकारी तिजोरी भरते. विशेष म्हणजे हा कायदा करणाऱ्या काँग्रेसला 2014 च्या निवडणुकीत अवघ्या 44 जागा मिळाल्या. तरीही रेशन दुकानाचे दार बंद झाले नाही, कारण ते कायद्याने उघडले होते.

खात्यावरील दोन हजारांची कथा वेगळी आहे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेची घोषणा 1 फेब्रुवारी 2019 च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली. पहिला हप्ता 24 फेब्रुवारीला वितरित झाला आणि 10 मार्चला लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. त्याच महिन्यात काँग्रेसने सर्वांत गरीब 20 टक्के कुटुंबांना वर्षाला 72,000 रुपये देण्याचे आश्वासन दिले. 2024 मध्ये ते गरीब कुटुंबातील एका स्त्रीस वर्षाला एक लाख रुपये असे झाले. त्या वर्षी 4 जूनला लोकसभेचा निकाल लागला. महाराष्ट्रातील 48 पैकी केवळ 17 जागा राज्यातील सत्ताधारी महायुतीला मिळाल्या, आणि 28 जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात 'लाडकी बहीण' योजना अवतरली : दरमहा 1500 रुपये. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत एका आघाडीने 2100 म्हटले, तर दुसरीने 3000. लिलावात बोली चढावी तसे आकडे चढत गेले.

या योजनांना 'रेवडी' म्हणून हिणवणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही. स्वतःच्या नावावर आलेले दीड हजार रुपये एखाद्या स्त्रीला काय बळ देतात, ते धर्मग्रामात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. आमची तक्रार निराळी आहे. किसान निधीसाठी जमीन नावावर असावी लागते. दुसऱ्याच्या शेतात घनसाळ भाताची लावणी करून जिची कंबर मोडते, त्या भूमिहीन मजूर स्त्रीला त्यातून काहीच मिळत नाही. शिवाय शासन निर्णयाने सुरू झालेली योजना दुसऱ्या शासन निर्णयाने आखडताही येते. कायदा बदलायचा तर विधिमंडळात किंवा संसदेत उघडपणे उभे राहावे लागते.

हा भेद महाराष्ट्राला नवीन नाही. रोजगार हमी योजनेचा प्रयोग 1965 साली शेजारच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झाला. त्यामागे वि. स. पागे होते. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, आणि 1977 साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. काम मागणाऱ्यास काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. काम देता आले नाही तर बेकारी भत्ता. हातात कुदळ घेतलेला मजूर तेव्हापासून याचक राहिला नाही. याच विचारावर पुढे 2005 चा केंद्रीय कायदा उभा राहिला.

आता मिठाकडे वळू. लेवीयाच्या पुस्तकात आज्ञा आहे की शेताच्या कडा कापू नयेत, गळालेली कणसे उचलू नयेत. ती गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावीत. रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचण्यास गेली, ती याच नियमाच्या आधारे. बवाजाने पेंढ्यांतून मुद्दाम आणखी कणसे टाकावयास लावली, तो त्याचा चांगुलपणा. पण सरवा हा तिचा अधिकारच होता. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या 1965 च्या आदेशात हीच गोष्ट आधुनिक भाषेत सांगितली आहे : न्यायाने जे देणे आहे, ते दान म्हणून देऊ नये. मीठ खाल्ल्याची भाषा धनी आणि चाकर यांच्यातील आहे. नागरिक आणि शासन यांच्यात ती लागू होत नाही, कारण लोकप्रतिनिधीला आपणच निवडतो आणि तिजोरीही आपणच भरतो.

ही भाषा किती पुढे जाऊ शकते, ते आपल्याच जिल्ह्याने नोव्हेंबर 2024 मध्ये पाहिले. योजनेचे 1500 रुपये घेऊन विरोधकांच्या सभांना जाणाऱ्या महिलांचे फोटो काढा, असे एका खासदारांनी जाहीर सभेत सांगितले. निवडणूक यंत्रणेने खुलासा मागवला आणि त्यांनी माफीही मागितली. परंतु ते शब्द ऐकून ज्या भगिनींच्या पोटात गोळा आला असेल, त्यांचे काय? त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपण कोणते बटण दाबले, ते कोणासही कळत नाही. मोजणी मतदान यंत्रागणिक होत असल्याने एखाद्या वाडीचा एकत्रित कल मात्र कळतो, आणि 'तुमच्या वाडीने आम्हाला दिले नाही' ही धमकी तेथूनच जन्मते. परंतु मत न दिल्याच्या कारणावरून कोणाचेही रेशनकार्ड कायद्याने रद्द करता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये निर्णय दिला की जाहीरनाम्यातील आश्वासन ही कायद्याच्या व्याख्येत लाच ठरत नाही; मात्र याबाबत मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास निवडणूक आयोगाला सांगितले. आश्वासनासाठी पैसा कोठून येणार, याचा खुलासा जाहीरनाम्यात असावा, असे ती तत्त्वे सांगतात. व्यवहारात हा खुलासा शोधावयास भिंगच लागेल.

कोणाला मत द्यावे, हे आम्ही सांगणार नाही. ख्रिस्तसभेची विधिसंहिता धर्मगुरूंना पक्षीय राजकारणापासून दूर ठेवते, आणि ते योग्यच आहे. परंतु दारी येणाऱ्या उमेदवाराला काय विचारावे, ते अवश्य सांगू. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. कामाचे दिवस 100 वरून 125 झाले, पण पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण 60 दिवसांपर्यंत काम थांबविण्याची मुभा राज्यांना मिळाली. अकुशल मजुरीचा खर्च पूर्वी केंद्र सरकार उचलत असे. आता महाराष्ट्रासारख्या राज्याला खर्चाचा 40 टक्के भार सोसावा लागेल. आजऱ्यात ऐन पावसाळ्यानंतर मजुराने काम मागितले, तर ते 40 टक्के वेळेवर येतील का, आणि कोणत्या खर्चाला कात्री लावून येतील?