मूत्राशयाचा ताबा : चाचण्यांचा कौल काय सांगतो?

मधुमेह, रक्तदाब वा गुडघेदुखी यांविषयी चारचौघांत मोकळेपणाने बोलणारी माणसे लघवीवरचा ताबा सुटण्याची तक्रार मात्र नेहमीच्या डॉक्टरांपासूनही लपवतात. शिंक आली, जोरात हसू आले किंवा पाण्याची बादली उचलली की कपडे ओले होतात; कधी दाराचे कुलूप उघडेपर्यंतही धीर धरवत नाही. ‘आता वय झाले, चालायचेच’ असे म्हणून हे दुखणे, विशेषतः स्त्रियांमध्ये, वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. वैद्यकीय संशोधनाला मात्र ही समजूत मान्य नाही. गेल्या तीन दशकांत या विकारावरील उपचारांची एकमेकांशी रीतसर तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या झाल्या असून त्यांचे निष्कर्ष अनेकदा डॉक्टरांनाही अनपेक्षित वाटावेत असे आहेत.

प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणपणे ३०० ते ५०० मिलिलीटर लघवी मावते. ते भरत असताना त्याच्या भिंतीतील स्नायू सैल राहतो आणि मूत्रमार्गाभोवतीचे झडपेसारखे स्नायू आवळलेले असतात. ही व्यवस्था दोन ठिकाणी बिघडू शकते. झडप किंवा तिला आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुबळे झाले, तर पोटावर दाब येताच लघवी निसटते. बाळंतपणानंतर हे विशेष आढळते. दुसऱ्या प्रकारात झडप ठीक असते. पण मूत्राशयाचा स्नायू भरण्याआधीच आकुंचन पावू लागतो आणि अनावर घाई होते. पहिला प्रकार ताणाचा, दुसरा घाईचा. काहींना दोन्ही असतात. कोणता उपचार लागू पडेल हे या भेदावरच ठरते.

घाईच्या प्रकाराविषयी सर्वांत बोलका पुरावा १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कॅथरिन बर्जिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ ते ९२ वर्षे वयाच्या १९७ स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाला स्नायूंचे व सवयींचे प्रशिक्षण, दुसऱ्याला ऑक्सिब्युटिनिन हे त्या काळचे प्रचलित औषध आणि तिसऱ्याला औषध नसलेली गोळी देण्यात आली. आठ आठवड्यांनी प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांमध्ये लघवी निसटण्याचे प्रसंग सुमारे ८१ टक्क्यांनी घटले. औषधाच्या गटात ही घट ६९ टक्क्यांच्या आसपास होती. त्याहून महत्त्वाचा आकडा पुढे आहे. आपला उपचार बदलून हवा असे प्रशिक्षणाच्या गटात केवळ १४ टक्के स्त्रियांना वाटले, तर उरलेल्या दोन्ही गटांत तसे म्हणणाऱ्या ७५ टक्क्यांहून अधिक होत्या.

या प्रशिक्षणात असते तरी काय? ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बर्जिओ यांच्या पद्धतीत त्याला एका युक्तीची जोड मिळाली. घाई झाली की आपण स्वच्छतागृहाकडे धावतो आणि नेमके तेव्हाच लघवी निसटते. त्याऐवजी जागीच थांबावे, शक्य तर बसावे, तळाचे स्नायू चार-सहा वेळा झटपट आवळावेत आणि लाट ओसरल्यावर सावकाश चालत जावे. हे स्नायू आवळले की मूत्राशयाचे आकुंचन प्रतिक्षिप्तपणे शमते, असे यामागचे शास्त्र आहे. सांगायला सोपी असलेली ही गोष्ट अंगवळणी पडायला काही आठवडे जातात. व्यायामात पोट किंवा मांड्या आवळल्या जातात ही नेहमीची चूक. त्यामुळे सुरुवातीला जाणकार फिजिओथेरपिस्टकडून ते स्नायू नेमके कोणते हे शिकून घेणे इष्ट. महागडी उपकरणे मात्र आवश्यक नाहीत. स्नायूंची हालचाल पडद्यावर दाखवणाऱ्या बायोफीडबॅक यंत्राने सरसकट जादा लाभ होत नाही, असे ६०० स्त्रियांवरील ब्रिटिश चाचणीत २०२० साली दिसून आले.

बर्जिओ यांच्या चाचणीत औषध नसलेल्या गोळीच्या गटातही प्रसंग ३९ टक्क्यांनी घटले होते. हा केवळ मनाचा खेळ नसावा. या स्त्रियाही रोज लघवीची नोंद ठेवत होत्या, वेळोवेळी तपासणीस येत होत्या. आपण किती व केव्हा पितो, कशाने घाई होते, हे कागदावर उतरले की वागणे आपोआप बदलत असावे.

आपल्याकडे शहरी स्त्रिया वेगळाच उपाय करतात. घराबाहेर पडायचे तर पाणीच पीत नाहीत. सार्वजनिक स्वच्छतागृहांची वानवा असताना त्यांना दोष तरी कसा द्यावा? मुंबईत याच प्रश्नावर २०११ साली ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली. परंतु फार कमी पाण्याने जंतुसंसर्ग व बद्धकोष्ठता यांना निमंत्रण मिळते आणि दोन्ही गोष्टी ही तक्रार वाढवतात. कमी करायचेच असेल, तर चहा-कॉफी कमी करावी. वजनाचाही संबंध सिद्ध झाला आहे : २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ३३८ स्थूल स्त्रियांपैकी ज्यांनी सहा महिन्यांत सरासरी आठ टक्के वजन घटवले, त्यांचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले, केवळ माहिती मिळालेल्या गटात २८ टक्क्यांनी.

औषधांचे स्थान यानंतरचे. ऑक्सिब्युटिनिनच्या वर्गातील गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठता होते. ६५ वर्षांवरील ३४३४ व्यक्तींच्या २०१५ मधील अमेरिकी अभ्यासात अशा प्रकारची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. कार्यकारणभाव यातून सिद्ध होत नाही. तथापि वृद्धांना ती वर्षानुवर्षे देताना हात आखडता घ्यावा, इतके नक्की. मिराबेग्रॉन हे वेगळ्या मार्गाने काम करणारे औषध असून त्यात रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. गोळ्या निष्प्रभ ठरल्यास मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शने देतात. गोळी व बोटॉक्स यांची २४१ स्त्रियांवर तुलना झाली (२०१२), तेव्हा दोहोंनी प्रसंग जवळपास सारखेच घटले. पूर्ण कोरड्या राहिलेल्या स्त्रिया बोटॉक्सच्या गटात २७ टक्के, गोळीच्या गटात १३ टक्के होत्या. पण मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग अनुक्रमे ३३ व १३ टक्के स्त्रियांना झाला.

ताणाच्या प्रकारात चित्र पालटते. नेदरलँड्समध्ये मध्यम ते तीव्र तक्रार असलेल्या ४६० स्त्रियांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया व्यायामापेक्षा सरस ठरली. वर्षभरानंतर सुधारणा वाटणाऱ्या स्त्रिया ९१ विरुद्ध ६४ टक्के होत्या आणि व्यायामाच्या गटातील जवळपास निम्म्या दरम्यान शस्त्रक्रियेकडे वळल्या होत्या.

प्रश्न एवढ्यावर मिटला नाही. हीच प्लास्टिकची जाळी काही स्त्रियांच्या शरीरात पुढे ऊतींमधून बाहेर डोकावू लागली, असह्य वेदना देऊ लागली. ती काढणेही अवघड. ब्रिटनमध्ये रुग्ण स्त्रियांच्या लढ्यानंतर २०१८ साली जाळीच्या वापराला खीळ बसली आणि ज्युलिया कम्बरलेज यांच्या समितीने २०२० मधील अहवालात, स्त्रियांच्या तक्रारी आरोग्ययंत्रणेने कानाआड केल्याचे स्पष्ट शब्दांत नोंदवले. चाचण्या एक-दोन वर्षांत कोरडेपणा मोजून मोकळ्या होतात आणि जाळी शरीरात जन्मभर राहते, हे अंतर या प्रकरणात उघडे पडले. अमेरिकेसह अनेक देशांत ही पट्टी आजही वापरली जाते. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी जाळी वापरणार की स्वतःच्याच ऊतींची पट्टी, हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच पाहिजे.

पुरुषांत प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर ही तक्रार उद्भवते. तेथे थेरपिस्टच्या खास शिकवणीचा नेहमीच्या उपचारांहून अधिक उपयोग झाला नाही, असे २०११ च्या ब्रिटिश चाचणीत आढळले. स्त्रियांचे निष्कर्ष पुरुषांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, ते यामुळे.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची नोंद सोबत न्यावी : काय व किती प्यायले, लघवीला केव्हा गेलो, केव्हा निसटली आणि त्या क्षणी काय करत होतो. ताण की घाई, याचा उलगडा बऱ्याचदा तिथेच होतो. लघवीत रक्त दिसले, लघवी अडली अथवा पायांत अचानक अशक्तपणा किंवा बधिरता आली, तर नोंदीसाठी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.