ज्वारीवरचा पाहुणा : काळ्या डोक्याचा भारीट

फिंच म्हटलं की उष्ण प्रदेशातली दमट डोंगरी जंगलं डोळ्यांपुढे येतात. चाकूरच्या माळावर तसलं जंगल नाही. पण फिंचसारखीच जाड, शंकूच्या आकाराची चोच असलेला एक पक्षी दर हिवाळ्यात आपल्या रानात उतरतो. तो म्हणजे काळ्या डोक्याचा भारीट. जुन्या वर्गीकरणांत भारीट फिंचच्याच कुळात धरले जात. आता त्यांचं कूळ वेगळं मानतात. चोचीचं काम मात्र तेच : दाणा धरायचा, फोलपट काढायचं, आतला गर खायचा.

नर ओळखायला सोपा. पोट पिवळं, पाठ तांबूस, डोकं काळं. थंडीत हा काळा रंग धुरकट दिसतो, मार्चकडे गडद होतो. मादी मातकट. चिमणीहून थोडा मोठा, वजन साधारण २५ ते ३० ग्रॅम.

एवढासा जीव येतो कुठून? बाल्कन देश, तुर्कस्तान, इराण इथून. युरोपातले बरेच छोटे पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेकडे जातात. भारीट मात्र आग्नेयेकडे वळतो आणि पश्चिम व मध्य भारतात येतो. बाल्कनपासून लातूरपर्यंतचं अंतर ५,००० किलोमीटरपेक्षा जास्त भरतं.

मग परत कधी निघायचं, हे त्याला कोण सांगतं? वाढता दिवस. बनारस, मेरठ, लखनौ इथल्या संशोधकांनी याच पक्ष्यावर प्रयोग केले. रोज आठच तास उजेड दिला, तर त्याच्यात फारसा बदल होत नाही. उजेडाचे तास वाढवले की तो जास्त खातो, अंगावर चरबी चढते आणि रात्री पिंजऱ्यात अस्वस्थ उड्या मारू लागतो. ही चरबी म्हणजे प्रवासाची शिदोरी. म्हणजे ज्वारीच्या रानात पोट भरणं ही त्याच्या प्रवासाची गरज आहे.

इथेच शेतकऱ्याचं दुखणं सुरू होतं. कणसं दुधात आली, हुरड्यात आली की थवा बाभळीवरून पिकात उतरतो. पूर्वी गावभर ज्वारी असायची, नुकसान सगळ्यांत वाटलं जायचं. सोयाबीन आलं, ज्वारीचा पेरा घटला. आता शिवारात एखादंच ज्वारीचं रान उरलं, तर सगळे थवे त्यावरच येतात. राखणीला माणूस मिळत नाही, म्हणून तोही शेतकरी पुढच्या वर्षी ज्वारी सोडतो. मग माणसाची भाकरी, जनावरांचा कडबा आणि पाहुण्याचा दाणा, तिन्ही एकदमच कमी होतात.

यावर आपल्या हातात काय आहे? शेजारच्या चार-पाच जणांनी ठरवून एकाच सुमारास, लागून लागून ज्वारी पेरली, तर नुकसान विभागतं आणि राखणही वाटून घेता येते. गोफण, डबा, बुजगावणं चालेल. विषारी दाणा नको, कारण तो भारीट, चिमणी, कबूतर असा भेद करत नाही. येत्या रब्बीची पेरणी ठरवताना हा विषय गावात बोलून बघा.