दिवसातून कितीदा खाता?

रुग्णाची जिव्हापरीक्षा आपण सर्वजण नेमाने करतो. परंतु त्याच मुखातील दात व हिरड्या यांकडे आपली दृष्टी क्वचितच वळते. ही उणीव आमच्या ध्यानात आणून दिली ती चार वर्षांच्या एका बालरुग्णाने. वारंवार होणाऱ्या कासासाठी आम्ही त्यास सितोपलादि चूर्ण मधातून दिले होते. कास शमला, पण काही महिन्यांनी मूल पुन्हा आले, तेव्हा त्याचे वरचे पुढचे दात किडून तपकिरी झाले होते. “वैद्यसाहेब, आपण सांगितल्याप्रमाणे रोज रात्री झोपताना न चुकता चाटण देते,” असे आईने सांगितले. दिवसभराची बिस्किटे व झोपतानाची दुधाची बाटली हीही कारणे होतीच. तथापि आमच्या चाटणाचा वाटा आम्हांस नाकारता येईना.

सितोपलादीच्या पाठात एकूण ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखर असते, त्यावर अनुपान मधाचे. दातांवरील कीटात वाढणारे जंतू साखरेपासून आम्ल निर्माण करतात. तेथील पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल निवळविते व खनिजे परत मिळवून देते. मात्र त्यास अर्धा ते एक तास लागतो. झोपेत तर लाळेचा स्राव फारच मंदावतो.

म्हणूनच गोड किती खाल्ले, याइतकेच कितीदा खाल्ले, हेही महत्त्वाचे ठरते. जेवणात खाल्लेल्या एका लाडवापेक्षा दर तासाचा गोड चहा दातांस अधिक बाधतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या प्रकारच्या उपवासातही हेच घडते. आधीचे अन्न जिरण्यापूर्वी पुन्हा खाणे, यास चरकसंहितेत अध्यशन म्हटले आहे. तेथील विचार अग्नीचा आहे; परंतु अग्नीप्रमाणेच दातांनाही उसंत हवी, असे आम्हांस वाटते.

मुखाचा संबंध सर्व शरीराशी आहे. दातांवर मळ साचणे व तोंडास गोडी येणे ही लक्षणे माधवनिदानाने प्रमेहाच्या पूर्वरूपांत सांगितली आहेत. मधुमेहात हिरड्यांचे विकार बळावतात व हिरड्यांतील जुनाट शोथामुळे रक्तशर्करा आटोक्यात ठेवणे कठीण होते, हे आधुनिक संशोधनानेही मान्य केले आहे. प्रौढ रुग्णाच्या हिरड्या सुजलेल्या वा दात हलू लागलेले दिसल्यास रक्तशर्करा अवश्य तपासावी.

मधाबद्दलही भ्रम नसावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवण्याची शिफारस केली. त्यात मधातील शर्कराही गणली आहे. एक वर्षाखालील बालकास तर बोट्युलिझमच्या धोक्यामुळे मध मुळीच देऊ नये.

याचा अर्थ अवलेह व चाटणे सोडून द्यावीत असा नव्हे. औषधकालास बाध येत नसेल तेथे ती जेवणाच्या वेळेस जोडावीत. रात्री देणे अपरिहार्य असल्यास त्यानंतर दात घासून अथवा ओल्या स्वच्छ फडक्याने पुसूनच मुलास झोपवावे. औषधालयाच्या बंधूंनी बाटली हाती देताना “घेतल्यावर चूळ भरा” एवढे शब्द उच्चारले, तरी पुष्कळ कार्य होईल. गंडूष व कवल उपयुक्त आहेतच. पण पडलेले छिद्र त्यांनी भरून येत नाही. अशा रुग्णास दंतवैद्याकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये.

आम्ही आता केसपेपरवर क्षुधा व मलप्रवृत्ती यांच्या शेजारी आणखी एक प्रश्न लिहून ठेवला आहे: दिवसातून कितीदा खाता? उत्तर देताना रुग्ण चहा मोजत नाहीत, बिस्किटे मोजत नाहीत आणि आपण दिलेले चाटणही मोजत नाहीत. ते मोजावयास लावणे हे आपले काम आहे.