डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची वाईन
लेखमाला ‘सचित्र’ : भाग ७

मागच्या आठवड्यात बालपुस्तकांत रमलो होतो. आजचं पुस्तक मोठ्यांचं. अर्थात ते निघालं तेव्हा फ्रान्समध्ये हा भेद फारसा कुणी मानत नसे. शाळेच्या जेवणात चौदा वर्षांखालच्या मुलांना वाईन द्यायची नाही, असं ठरायला १९५६ साल उजाडलं.

‘मों दोक्तर ल वें’, म्हणजे ‘माझा डॉक्टर : वाईन’. साल १९३६. मजकूर गास्तों देरीसचा, जलरंगातली चित्रं राऊल द्युफीची आणि पैसा निकोला या जुन्या वाईनविक्रेत्या पेढीचा. हे तिसरं नाव ध्यानात ठेवा.

त्या काळात फ्रान्समध्ये जगभरच्या मंदीनं गिऱ्हाईक आटलं होतं आणि द्राक्षमळे उतू चालले होते. अल्जीरियाहूनही पिंपंच्या पिंपं येत होती. लोकांनी जास्त प्यावी म्हणून सरकारनं १९३१ साली चक्क वाईनप्रचाराची समिती नेमली. ‘एकच प्याला’ डोक्यात असलेल्या मराठी माणसाला हे पचायला जरा वेळ लागतो! प्रचाराला डॉक्टर मंडळीही धावून आली. त्यांचीच मतं या पुस्तकात ओळीनं मांडली आहेत. विषमज्वर? वाईन. मधुमेह? वाईन. लठ्ठपणा? तरीही वाईनच. सोबत मार्शल पेतँ यांची प्रशस्ती आहे, पहिल्या महायुद्धात वाईननं सैनिकांना कसा धीर दिला याची. १९१४मध्ये जवानाला रोज पाव लीटर वाईन मिळे, १९१६पर्यंत ती अर्ध्या लीटरवर गेली होती.

वैद्यक म्हणून हे सगळं आज हसण्यावारी जाईल. मला तर हा मजकूर म्हणजे डॉक्टरी डगला घातलेला विक्रेताच वाटतो. पण पान उलटलं की द्युफी भेटतो आणि तक्रार विरते. त्याचा रंग रेषेचं ऐकत नाही. आधी रंगाचा पातळ हात फिरतो, त्यावर भरभर रेघ धावते, आणि दोघांचा मेळ बसलाच पाहिजे अशी सक्ती नसते. ऑनफ्लरच्या धक्क्यावर लाल कपड्यातली एक मुलगी पळताना त्यानं पाहिली. ती गेली, पण तिचा लाल रंग तिच्या आकारापेक्षा जास्त वेळ डोळ्यांत रेंगाळला. तिथून ही रीत सुचली, असं सांगतात. वाईनच्या पुस्तकाला याहून शोभणारी रीत कुठली? रंग जरासा सांडलेलाच बरा.

या चित्रकाराला पुढे संधिवातानं गाठलं. बोटं इतकी आखडली, की कुंचला हाताला बांधून रंगवावं लागे. १९५० साली तो बोस्टनला गेला आणि तेव्हा नव्यानंच आलेल्या कॉर्टिझोनचे उपचार घेतले. हात मोकळे झाल्यावर काढलेली काही चित्रं त्यानं तिथल्या डॉक्टरांना आणि संशोधकांना अर्पण केली.