रिपोर्टातल्या आकड्यामागचं यकृत

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात हल्ली एएफपी, सीआरपी, कधी एचएलए-बी२७ अशीही नावं असतात. त्रास काय होतोय हे कुणी न विचारताच रक्त घेतलं जातं आणि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो. एखादा आकडा ठळक छापलेला दिसला की घरादाराची झोप उडते. सगळं 'नॉर्मल' असलं की खरा रुग्णही निर्धास्त होतो, आणि मला काळजी वाटते ती या निर्धास्तपणाची.

एएफपी म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन. गर्भाचं यकृत हे प्रथिन भरपूर बनवतं. जन्मानंतर ते काम जवळजवळ थांबतं. मॉस्कोतल्या गॅरी अबेलेव्ह यांना १९६३ मध्ये यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात ते पुन्हा आढळलं, आणि पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव्ह यांना माणसांच्या रक्तात. गर्भावस्थेनंतर मिटलेला जनुक कर्करोगाची पेशी पुन्हा उघडते, हे त्यातून उमगलं. शोध मोठाच होता. पण यकृताच्या कर्करोगाच्या साधारण ३० ते ४० टक्के रुग्णांत एएफपी वाढतच नाही. गाठ लहान, म्हणजे उपचाराला सोपी असते, तेव्हा तर ते अधिकच फसवतं. उलट हिपॅटायटिस भडकला किंवा दिवस गेले तरी ते वाढतं. म्हणूनच सिऱ्होसिसच्या, म्हणजे यकृत राठ होऊन कर्करोगाचा धोका वाढलेल्या, रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात. एएफपी तिच्या जोडीला.

पण नजर ठेवायची कुणावर? हिपॅटायटिस बी, सी आणि दारू ही जुनी कारणं आहेतच. त्यांत आता मधुमेह आणि फॅटी लिव्हरची भर पडली आहे. मधुमेहात हा धोका दुपटीच्या आसपास जातो. यकृतात चरबी साचते, तिच्यामुळे सूज धुमसत राहते, मेलेल्या पेशींची जागा भरायला नव्या पेशी सतत विभागत राहतात आणि त्या घाईत जनुकांत चुका साठतात. काहींना सिऱ्होसिस होण्याआधीच गाठ होते.

'आमच्याकडे कुणी जाड नाही,' हे उत्तर पुरेसं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांची चरबी पोटात दडलेली असते. म्हणून सडपातळ असले तरी मधुमेह असलेल्यांनी एएफपीवर पैसे घालवण्यापेक्षा वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून काढला जाणारा 'फिब-४' हा अंदाज डॉक्टरांकडून समजून घ्यावा. यकृत किती राठ झालं असावं, याची पहिली चाहूल त्यातून लागते.

सीआरपीही यकृतच बनवतं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ हे रसायन यकृताला तशी वर्दी देतं. मणक्यांच्या दाहक संधिवातात, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये, हा आकडा वाढायला हवा. पण कितीतरी रुग्णांत तो वाढत नाही. एचएलए-बी२७ चा या आजाराशी असलेला संबंध १९७३ मध्ये कळला, तरी हा जनुक असणाऱ्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. पंचविशीतल्या मुलाची कंबर पहाटे आखडते, विश्रांतीने आणखी ताठरते आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते, ही हकिकत कुठल्याही आकड्याहून मोलाची. ती नीट ऐकली न गेल्यानेच निदानाला वर्षं लागतात.

या रुग्णांना हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो, आणि इथे रक्त पुन्हा चकवतं. दाह भडकलेला असताना कोलेस्टेरॉल खाली येतं, त्यामुळे धोका असूनही रिपोर्ट चांगला दिसतो. उपचारांनी दाह ओसरला की तेच कोलेस्टेरॉल वर चढतं, आणि औषधानेच बिघडवलं असं समजून काहीजण गोळ्या-इंजेक्शनं सोडून देतात. खरं तर ती मूळ पातळी उघडी पडलेली असते. म्हणून हृदयाच्या धोक्याचा हिशेब मांडायचा तर कोलेस्टेरॉल दाह आटोक्यात आल्यावर तपासावं लागतं.