‘निर्दोष’ अहवालाची मर्यादा
‘ब’ काविळीच्या विषाणूचे पृष्ठ-प्रथिन ही त्याची ओळख. नेहमीची रक्ततपासणी तेच शोधते. लसही शरीराला तेच ओळखावयास शिकविते. इटलीत बाधित मातेच्या एका बालकाला लस व तयार प्रतिपिंडे देऊनही संसर्ग झाला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कारण उलगडले : प्रथिनातील १४५ व्या स्थानी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन आले होते. एवढ्याशा बदलाने प्रतिपिंडांची पकड सुटते; काही चाचण्याही फसतात. असे प्रकार विरळाच. तेव्हा लसीवर अविश्वास दाखविणे आत्मघातकी ठरेल. परंतु रक्तपेढ्यांनी एकाच चाचणीच्या निर्वाळ्यावर विसंबू नये. तिला विषाणूचे जनुकद्रव्य शोधणाऱ्या चाचणीची जोड द्यावी. ती खर्चिक खरी. पण रक्तातून नकळत आजार पदरी पडलेल्या रुग्णाच्या आयुष्यापुढे तो खर्च थोडाच आहे.